गुन्हा कबूल, पण शिक्षा?

(वार्षिक मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून.)



पुरणपोळीनंतरची वेळ वक्त्यासाठी सगळ्यात वाईट, हे मला माहीत आहे. त्यातून विषय असा, की दोघीतिघींनी आधीच विचारून झालंय, "अगं, पेन्शनवर नाहीतर नागरिकत्वाच्या कायद्यावर का नाही बोलत?" नागरिकत्व ओघात येईल, जरा धीर धरा.

मी वकील नाही. बावीस वर्षं इथे इंजिनिअर म्हणून नोकरी करते आहे. त्यामुळे आज ऐकाल तो कायदेशीर सल्ला नव्हे. एका कुटुंबाबरोबर दहा महिने कोर्टाच्या पायऱ्या चढताना जे समजलं, ते सांगते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ऑगस्ट २०२३ मधल्या एका रविवारी सकाळी मला निफाड तालुक्यातून फोन आला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझा नंबर त्यांना कुणाच्या तरी नणंदेकडून मिळाला होता. "ताई, तुम्ही जर्मनीत असता ना?" एवढं बोलून त्या बराच वेळ गप्प होत्या. मुलगा मास्टर्स करायला इथे आलेला, वय २४. होस्टेलच्या खोलीवर पोलिसांची धाड पडली आणि ४०० ग्रॅम गांजा सापडला. तो आणि शेजारच्या खोलीतला, आपल्याच विदर्भातला मुलगा, दोघं मिळून काही महिने होस्टेलमध्ये विकत होते. म्हणजे "मित्राची पिशवी सांभाळत होता" वगैरे काही नव्हतं. विकत होते.

बाईंनी दोन प्रश्न विचारले. "त्याला मारत तर नाहीत ना?" आणि "गावात कळलं तर कसं व्हायचं?" माझ्या मनात तेव्हा काय आलं, तेही सांगून टाकते. भोगू दे, असंच आलं. आपण इतकी वर्षं इथे मान खाली घालून काम करायचं आणि ही पोरं येऊन आपलं नाव घालवणार. मी स्वतःला पुरोगामी म्हणवते, फाशीच्या विरोधात सह्या करते, आणि पहिल्या तीस सेकंदांत माझं हे असं.

दोन्ही मुलं कच्च्या कैदेत गेली. परदेशी माणूस पळून जाईल, त्याचं इथे मूळ रुजलेलं नाही, हे कारण कोर्टाला सहज पटतं. त्याच गुन्ह्यात एखादा जर्मन विद्यार्थी आईवडिलांच्या घरी राहून खटल्याची वाट बघू शकला असता. कच्च्या कैदेतली पत्रं तपासली जातात, आणि मराठी पत्र तपासायचं तर आधी त्याचं भाषांतर व्हायला हवं. आईचं पहिलं पत्र मुलाच्या हातात पडायला पाच आठवडे लागले. पुढे मी त्यांना सांगितलं, "छोटं लिहा, पानभरच." त्यावर त्या म्हणाल्या, "पानभरात काय मावतं हो?"

जानेवारी २०२४ मध्ये आम्ट्सगेरिष्टात खटला चालला. एक न्यायाधीश आणि दोन श्योफे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे दोन सामान्य नागरिक. दोन्ही मुलांनी गुन्हा कबूल केला. त्या वेळच्या अंमली पदार्थ कायद्यात 'अल्प नसलेलं प्रमाण' असा एक उंबरठा होता, गांजासाठी ७.५ ग्रॅम टीएचसी. एकूण पानपाल्याचं वजन मोजत नाहीत, त्यातलं नशा आणणारं द्रव्य मोजतात. बीजीएचने, म्हणजे कार्ल्सरुहेच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने, हा आकडा १९८४ मध्ये ठरवून दिला होता. या मुलांचा माल १४ टक्क्यांचा निघाला. ४०० ग्रॅमचे झाले ५६ ग्रॅम, उंबरठ्याच्या जवळजवळ साडेसात पट. विक्रीसाठी असा माल बाळगला तर किमान शिक्षा एक वर्ष, कमाल पंधरा. दोघांनाही प्रत्येकी २ वर्षं ४ महिने कैद झाली.

हे चार महिने महत्त्वाचे आहेत. जर्मनीत दोन वर्षांपर्यंतचीच कैद बेवेरुंगवर, म्हणजे वर्तणुकीच्या अटीवर, स्थगित करता येते. एक वर्षाच्या वर असेल तर त्याला विशेष कारणं लागतात, पण वाट तरी उघडी असते. दोन वर्षं आणि एक दिवस झाला की ती बंद. म्हणून २ वर्षं ४ महिने ऐकल्याबरोबर वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

निकाल सांगितल्यापासून अपिलाला एक आठवडा मिळतो. सात दिवस! आपल्याकडे महिना-दोन महिने गृहीत धरायची सवय असते, त्यामुळे हे कुणाला खरंच वाटत नाही. बरं, त्या आठवड्यात द्यायचं तरी काय, तर एक वाक्य: मला हा निकाल मान्य नाही. बेरूफुंगला, म्हणजे लांडगेरिष्टातल्या पहिल्या अपिलाला, तेव्हा कारणंसुद्धा द्यावी लागत नाहीत. वाक्य जर्मनमध्ये हवं आणि वेळेत पोचायला हवं. तुरुंगात असलेला माणूस तिथल्या कोर्टात तोंडी सांगूनही ते नोंदवून घेऊ शकतो. आणि याच्या उलटही करता येतं: निकाल ऐकल्याबरोबर तिथल्या तिथे अपिलाचा हक्क सोडून देता येतो. विदर्भातल्या मुलाने तेच केलं. त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलं होतं, "जे असेल ते मान्य कर आणि संपव एकदाचं. आम्हाला अजून तमाशा नको."

निफाडच्या बाईंचाही कल तिकडेच होता. त्यांचा प्रश्न मात्र फार चांगला होता. "ताई, गुन्हा केलाय ना त्याने? मग अपील कशावर करायचं? कोर्टाला वाटेल, याला पश्चात्तापच नाही."

इथे मला ल्युबेकची गोष्ट सांगायची आहे. त्यांनाही मी हीच सांगितली होती.

ल्युबेक हे उत्तरेतलं जुनं बंदर. एक बाई कच्च्या कैदेत असलेल्या नवऱ्याला भेटायला गेली आणि मिठी मारताना तिने त्याच्या हातात हशीशची पुडी सरकवली. वजन १.१२ ग्रॅम. आम्ट्सगेरिष्टाने तिला दोन महिने कैद दिली. आता, १९६९ च्या सुधारणेपासून जर्मन दंडसंहिता म्हणते की सहा महिन्यांपेक्षा कमी कैद अपवाद म्हणूनच द्यावी. दोन-तीन महिने आत टाकल्याने माणसाची नोकरी जाते, घर जातं, आणि सुधारणा तर काहीच होत नाही, हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं होतं. तरी सव्वा ग्रॅमसुद्धा नसलेल्या पुडीसाठी दोन महिने.

अपील ल्युबेकच्या लांडगेरिष्टात आलं. अध्यक्षस्थानी वोल्फगांग नेश्कोविच नावाचे न्यायाधीश होते. शिक्षा थोडी कमी करून, दंडावर भागवून फाईल बंद करणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही. डिसेंबर १९९१ मध्ये त्यांनी थेट घटना न्यायालयाला प्रश्न पाठवला: दारू आणि तंबाखू खुलेआम विकणाऱ्या देशाने हशीशसाठी माणसाला तुरुंगात टाकणं आपल्या राज्यघटनेत बसतं का? नशा करण्याचाही हक्क असतो, इथपर्यंत त्यांचा युक्तिवाद गेला. पेपरवाल्यांना अर्थातच मेजवानी मिळाली. (हेच गृहस्थ पुढे बीजीएचचे न्यायाधीश झाले आणि २००५ ते २०१३ बुंडेस्टागमध्येही बसले.)

दुसऱ्या कोर्टांचे असेच प्रश्न त्याला जोडले गेले आणि ९ मार्च १९९४ रोजी निकाल लागला. नेश्कोविच हरले. नशेचा हक्क वगैरे काही नाही, दारूला एक न्याय म्हणून गांजालाही तोच द्यायला संसद बांधील नाही, कायदा वैध आहे, असं न्यायालयाने सांगितलं. दोन न्यायाधीशांनी आपली वेगळी मतं नोंदवली. पण त्याच निकालात न्यायालयाने दुसरी गोष्टही सांगितली, आणि पुढची तीस वर्षं लोकांच्या उपयोगी पडली ती हीच. शिक्षेत अतिरेक करायला राज्यघटनेचीच मनाई आहे. स्वतःच्या अधूनमधूनच्या वापरासाठी थोडासा माल असेल आणि दुसऱ्या कुणाला धोका नसेल, तर सरकारी वकिलांनी सर्वसाधारणपणे खटला सोडूनच द्यायला हवा. राज्याराज्यांतली तफावत कमी करा असंही न्यायालयाने बजावलं होतं. ती पुरती कधीच गेली नाही. २०२४ पर्यंत बहुतेक ठिकाणी 'थोडासा' म्हणजे ६ ग्रॅम होतं, बर्लिनमध्ये १५ पर्यंत, आणि बायर्नमध्ये ६ ग्रॅमलाही पोलीस किती त्रास देतील याचा नेम नव्हता. पुढे बर्लिनजवळच्या बेर्नाऊच्या एका न्यायाधीशांनी तोच प्रश्न पुन्हा पाठवला. १९९४ नंतर नवीन काय घडलं ते पुरेसं दाखवलं नाही, म्हणून २०२३ मध्ये घटना न्यायालयाने तो दाखलही करून घेतला नाही.

ल्युबेकच्या त्या बाईचं नाव निकालात नाही, इथे ती पद्धतच नाही. पण तिने गुन्हा केला नव्हता असं कुणीच म्हणत नव्हतं. पुडी दिली होती, पकडली गेली होती. वाद होता तो तेवढ्यासाठी तुरुंग योग्य का, यावर.

म्हणून निफाडच्या बाईंना म्हटलं, अपील फक्त शिक्षेपुरतं करता येतं. जर्मन कायद्यात तशी सोय आहे: दोष मान्य, तो निकाल तसाच राहू द्या, शिक्षेचा भाग पुन्हा तपासा. यात कबुली मागे घ्यावी लागत नाही, उलट ती जमेची बाजू ठरते. आणि फक्त आरोपीनेच अपील केलं असेल तर वरच्या कोर्टाला शिक्षा वाढवता येत नाही. सरकारी वकिलानेही केलं तर येते, तेवढी धाकधूक राहतेच. आमच्या बाबतीत त्यांनी केलं नाही.

जर्मन न्यायाधीश शिक्षा ठरवतो कशी, हे मला त्या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचावं लागलं. दंडसंहितेच्या ४६ व्या कलमाचं पहिलं वाक्य म्हणतं, शिक्षेचा पाया म्हणजे आरोपीचा दोष. आधीचं आयुष्य, हेतू, गुन्ह्यानंतरचं वागणं, शिक्षेचा त्याच्या पुढच्या आयुष्यावर होणारा परिणाम, हे सगळं त्या पायावर तोलायचं, आणि कसं तोललं ते लेखी द्यायचं. यात काही ठिकाणी कोर्टं हमखास घसरतात. विकणं हाच गुन्हा असेल तर 'पैशासाठी केलं' म्हणून पुन्हा शिक्षा वाढवता येत नाही. ते त्या गुन्ह्यात आधीच धरलेलं आहे. 'तो स्वतः व्यसनी नव्हता' हेही वाढीचं कारण होऊ शकत नाही. व्यसन असतं तर शिक्षा कमी झाली असती, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या निकालपत्रात ही दोन्ही वाक्यं होती.

तिसरंही एक होतं. आरोपीने शिक्षणासाठी मिळालेल्या पाहुणचाराचा गैरफायदा घेतला, असं त्यात लिहिलं होतं. मंडळी, हे वाचून मला राग यायला हवा होता. पण मला ते पटलंच, कारण आपण घरात हेच बोलतो: आपण इथे पाहुणे. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, परदेशी असणं हे एवढ्यावरून शिक्षा वाढवायचं कारण नाही, हे बीजीएचने वेळोवेळी सांगितलेलं आहे. तुमच्याकडून कर घेताना कुणी पाहुणा म्हणतं का?

लांडगेरिष्टातलं अपील म्हणजे नवी सुनावणी. खालच्या निकालपत्रातल्या चुका काढत बसण्यापेक्षा नव्या न्यायाधीशाला नवीन काय दाखवता, याला तिथे जास्त किंमत. त्यापुढची पायरी उच्च प्रांतिक न्यायालयातली रेविझिओन. तिथे मात्र फक्त कायद्याची चूक बघतात. शिक्षा आपल्याला जड वाटते एवढ्याने भागत नाही. ती दोषाच्या मापात बसेनाशी व्हावी लागते, किंवा तिची कारणमीमांसा तरी चुकीची असावी लागते. २००४ मध्ये तर अशी दुरुस्ती आली की कारणमीमांसा चुकली तरी एकंदरीत शिक्षा योग्य वाटत असेल तर वरचं कोर्ट ती कायम ठेवू शकतं. म्हणजे ज्यांनी आरोपीचं तोंडही पाहिलेलं नाही त्यांनी ठरवायचं, योग्य आहे म्हणून. २००७ मध्ये घटना न्यायालयाने त्याला लगाम घातला: आधी आरोपीचं म्हणणं मागवा, आणि हातात पूर्ण, ताजी माहिती असेल तरच हे करा.

याच सुमारास आपल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "इथे आहे म्हणून लाड चाललेत, भारतात असता तर दहा वर्षं सडला असता." मी कायदा काढून बघितला. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत धरलं आहे. ४०० ग्रॅमला जास्तीत जास्त एक वर्ष! ग्रुपवर सामसूम.

पण त्या गृहस्थांचंही अगदीच चुकलं नव्हतं, पदार्थ तेवढा चुकला. 'व्यापारी प्रमाणा'ची रेषा ओलांडली की आपल्याकडे किमान दहा वर्षं आणि किमान लाख रुपये दंड. त्याखाली यायची मुभा न्यायाधीशाला नाही. आरोपी टोळीचा म्हाताऱ्या आईला सांभाळणारा हमाल असो की मालक, तळाची रेषा तीच. आणि मोजायचं काय? एका खटल्यात चार किलो पूड होती, त्यात हेरॉईन जेमतेम दीड टक्का, म्हणजे साठेक ग्रॅम. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध हेरॉईनच मोजलं आणि आरोपी व्यापारी रेषेच्या खाली आला. हेरॉईनची ती रेषा २५० ग्रॅम आहे. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात मोठ्या खंडपीठाने ते मत फिरवलं: भेसळीसकट सगळं वजन धरा. तीच पूड, पण आता किमान दहा वर्षं.

महाराष्ट्रानेही यात भर घातलेली आहे, आणि ती चांगली भर आहे. या कायद्यात शिक्षा झालेल्याला अपील चालू असतानाही शिक्षेची स्थगिती मिळू नये, अशी तरतूद होती. दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला. आणि जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काही मोठ्या प्रमाणातल्या गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास फाशी द्यायलाच हवी, ही सक्ती काढून टाकली. फाशी राहिली, पण द्यायची की नाही ते न्यायाधीशावर सोपवलं. २०१४ मध्ये संसदेनेही कायद्यात तसा बदल केला. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मला नव्हतं. टिळकांची मंडालेची सहा वर्षं मात्र तोंडपाठ. आपल्या घरांत तुरुंगात गेलेला माणूस त्याच जातकुळीचा असला तर चालतो.

आमच्या अपिलाकडे वळते. तारीख जूनची लागली होती, आणि मध्ये १ एप्रिल २०२४ उजाडला. गांजा अंमली पदार्थ कायद्यातून बाहेर पडला आणि त्याचा स्वतंत्र कायदा आला. सज्ञान माणसाला बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम, तीन झाडं. विक्री गुन्हाच राहिली, पण शिक्षेचं माप बदललं: मोठ्या प्रमाणातल्या विक्रीला एक ते पंधरा वर्षांऐवजी तीन महिने ते पाच वर्षं. नवा उंबरठा वर न्यावा अशी सरकारची अपेक्षा विधेयकाच्या टिपणात होती. बीजीएचने १८ एप्रिललाच सांगून टाकलं, नाही, ७.५ ग्रॅमच राहील. आम्ही तेव्हाही उंबरठ्याच्या वरच. पण निकाल अंतिम व्हायच्या आत कायदा सौम्य झाला तर सौम्य कायदा लावायचा, हे जर्मन दंडसंहितेचं जुनं तत्त्व आहे. आणि आमचा निकाल अंतिम नव्हता, जानेवारीतल्या त्या एका वाक्यामुळे.

जूनमध्ये लांडगेरिष्टात एक न्यायाधीशबाई आणि दोन श्योफे बसले होते. त्यांनी मुलाला तासभर प्रश्न विचारले. कुठे राहणार, फी कशी भरणार, स्वतः ओढतोस का, समुपदेशनाला जातोस का. प्रत्येक उत्तराला वकीलबाईंकडे कागद तयार होता. आई व्हिसा काढून आली होती, मागच्या बाकावर बसली होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि मी कानात कुजबुजत होते. निकाल: १ वर्ष २ महिने, बेवेरुंगवर. दहा महिने आत काढून झालेच होते. संध्याकाळी सहाला तो बाहेर आला, हातात निळी प्लास्टिकची पिशवी. सगळं गोड झालं असं नाही. रहिवासाच्या परवान्यासाठी परदेशी कार्यालयाशी अजून झगडा चालू आहे. आणि नागरिकत्वाचं म्हणाल तर ९० दिवसांच्या दंडापर्यंत किंवा तीन महिन्यांच्या स्थगित कैदेपर्यंतच शिक्षा सोडून देतात. त्याच्यावर बरीच वर्षं हे ओझं राहणार.

दुसऱ्या मुलाचा निकाल जानेवारीतच अंतिम झाला होता. एप्रिलच्या कायद्याबरोबर जुन्या शिक्षा माफ करण्याची तरतूदही आली आणि कोर्टांत फायलींचे ढीग लागले. पण ती माफी फक्त आता गुन्हाच न राहिलेल्या कृत्यांसाठी होती. विक्री अजून गुन्हा आहे. त्यामुळे २ वर्षं ४ महिने तशीच राहिली. निम्म्याहून थोडी जास्त भोगल्यावर त्याला परस्पर विमानतळावर नेऊन परत पाठवलं.

त्याच्या वडिलांचा मला मागच्या दिवाळीत फोन आला. त्यांना दोन्ही निकालांच्या प्रती हव्या होत्या, मराठीत करून. मी म्हटलं, "काका, आता त्याचा उपयोग नाही." ते म्हणाले, "उपयोगासाठी नको. वाचायचंय." पहिल्या निकालाचं भाषांतर करून पाठवलं आहे. दुसऱ्याची चार पानं राहिली आहेत.

आता प्रश्न विचारा.